झटका सारखा, हिशेब वेगळा

‘हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग’ हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. ते पारखायला एक चांगला अभ्यास हाताशी आहे. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डेनिस झेवियर व सहकाऱ्यांनी भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्ण होते २०,९३७.

तीस दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध श्रीमंतांपैकी ६०.६ टक्क्यांना मिळाले, गरिबांपैकी ५२.३ टक्क्यांना. फुग्याने धमनी उघडण्याचा उपचार १५.३ टक्के श्रीमंतांवर झाला, गरिबांपैकी फक्त २ टक्क्यांवर. उपचारांतला हा फरक गणिताने वजा केला, की मृत्यूतला फरकही नाहीसा होतो. रुग्णांच्या मूळच्या प्रकृतीतले फरक वजा करून मात्र तो जात नाही. म्हणजे गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. या अभ्यासाचे खरे मोल इथे आहे.

पण त्याचा हिशेब रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतो. दुखू लागल्यापासून दारापर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे. आत गेल्यावर औषध मिळेपर्यंत ५०. धमनी बंद असेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत राहतो. जे वाटेतच गेले, ते या आकड्यांत नाहीतच.

श्रीवर्धनहून पाहिले की ही उणीव ठळक दिसते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे जाताना राजपुरीची खाडी आडवी येते. दिघी–आगरदांडा फेरीबोट रात्री चालत नाही. मग म्हसळ्याकडून वळसा घ्यावा लागतो. घरची गाडी असलेला लगेच निघतो. मजुरी करणारा ‘गॅस असेल’ म्हणून सकाळच्या एस.टी.ची वाट पाहतो.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत रायगड होता. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली, २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. ही पावले मोलाची आहेत. पण योजना बिल भरते, गेलेला वेळ भरून देत नाही.

अभ्यास वाचून ‘सर्वांना स्टेंट’ एवढाच निष्कर्ष काढणे अपुरे ठरेल. १९८८ च्या एका मोठ्या चाचणीत अॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज मिळून पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले होते. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रीही ई.सी.जी. काढणारा आणि हे औषध योग्य रुग्णाला देणारा डॉक्टर असला, तर खाडीच्या अलीकडेच बरेच साधेल.

विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. आपल्या घरापासून जवळचे ई.सी.जी. यंत्र कुठे आहे? रात्री दोन वाजता तिथे कशाने पोहोचणार, किती मिनिटांत? सर्वांची उत्तरे एका तक्त्यात मांडावीत आणि वर्गाचा मध्यक काढावा. अभ्यासात राहून गेलेला रकाना तिथे भरेल.