मालक बोलतो, बोका विचार करतो : 'गारफील्ड' चित्रमालिका कशी वाचावी?

वर्तमानपत्रातली चित्रमालिका आपण चहाचा कप खाली ठेवायच्या आत वाचून संपवतो. म्हणून तिचा 'अभ्यास' करायचा म्हटले की थोडे हसू येते. पण रोज तीन चौकटींत एक विनोद बसवायचा, हे शिस्तीचे काम आहे; आणि जिथे शिस्त असते तिथे नियम शोधता येतात. या पाठासाठी आपण जिम डेव्हिस यांची 'गारफील्ड' ही अमेरिकन चित्रमालिका घेऊ. पात्रे मोजकी : जॉन आर्बकल नावाचा एकटा राहणारा माणूस, त्याचा खादाड, आळशी, खोडकर बोका गारफील्ड आणि ओडी नावाचा भोळा कुत्रा. हा नारिंगी बोका तुम्ही दप्तरावर, कपावर किंवा गाडीच्या काचेला चिकटलेला पाहिला असेल. मूळ पट्ट्या मात्र फारशा वाचलेल्या नसतील, आणि टीकाकारांची तक्रार नेमकी तिथेच आहे.

ती तक्रार आधी ऐकून घेऊ. 'गारफील्ड' १९ जून १९७८ रोजी ४१ वर्तमानपत्रांत सुरू झाली. त्याआधी डेव्हिस यांनी एका किड्यावर मालिका काढली होती. ती चालली नाही. मग त्यांनी बाजाराकडे नीट पाहिले. स्नूपीसारखे कुत्रे चित्रमालिकांत पुष्कळ होते, मांजरे फार थोडी. झोप, खाणे आणि सोमवारचा कंटाळा हे विषय कोणत्याही गावात, कोणत्याही पक्षाच्या माणसाला चालतात. म्हणून राजकारण बाहेर. १९८१ मध्ये बोक्याचा व्यवहार सांभाळायला स्वतंत्र कंपनी निघाली आणि पुढे खेळणी, पुस्तके, चित्रपट यांची रांग लागली. याच्या उलट 'कॅल्विन अँड हॉब्ज'च्या बिल वॉटरसन यांनी आपल्या पात्रांची खेळणी काढायला ठाम नकार दिला आणि १९९५ मध्ये दहा वर्षांनी मालिका थांबवली. साहजिकच टीकाकारांनी एकाला कलावंत ठरवले आणि दुसऱ्याला दुकानदार.

ही तुलना खोटी नाही, पण आळशी आहे. दुकानदाराच्या हातूनही कधीकधी त्याच्या हिशेबापेक्षा मोठे काहीतरी घडते. ते कुठे घडले, हे पाहायला चित्राकडेच जावे लागेल.

कोणतीही एक नेहमीची पट्टी डोळ्यांसमोर आणा. समोर टेबल किंवा ओटा, मागे जवळजवळ काहीच नाही. एका बाजूला जॉन, दुसऱ्या बाजूला बोका. पहिल्या चौकटीत जॉन काहीतरी उत्साहाने सांगतो : आज एका मुलीला फोन करणार आहे, नवा सूट घेतला आहे. दुसऱ्या चौकटीत शांतता, किंवा फजिती. तिसऱ्या चौकटीत बोक्याचा शेरा. आता फुगे पाहा. जॉनच्या फुग्याला तोंडाकडे जाणारे टोक आहे, तो बोलतो. गारफील्डच्या डोक्यावर ढगासारखा फुगा आणि त्याखाली लहान लहान बुडबुडे आहेत. तो फक्त विचार करतो. बोका कधीच बोलत नाही, आणि हा तांत्रिक तपशील सगळ्या मालिकेचा कणा आहे.

पंचतंत्रातले प्राणी सरळ बोलतात आणि त्याचे कुणाला आश्चर्य वाटत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी'मध्ये प्राणी प्राणीच राहतात. हशा निघतो तो त्यांना पाळणाऱ्या माणसांवर. गारफील्ड या दोहोंच्या मधे उभा आहे. त्याच्याकडे भाषा आहे, पण ती वाचकापुरती. नात्सुमे सोसेकी यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या 'मी एक मांजर आहे' या जपानी कादंबरीतले मांजर असेच आपल्या मास्तर मालकाची टिंगल थेट वाचकाच्या कानात करते. युक्ती म्हणजे जुनीच आहे. डेव्हिस यांनी तिला रोजच्या तीन चौकटींची सवय लावली, आणि त्यामुळे तुम्ही-आम्ही नकळत बोक्याच्या बाजूला जाऊन बसलो. पहिल्याच पट्टीत हे ठरून जाते. जॉन स्वतःची ओळख चित्रकार म्हणून करून देतो आणि बोक्याला आपला म्हणतो. बोका लगेच स्वतःची ओळख करून देतो आणि चित्रकाराला आपला म्हणतो. 'माझा' हा एवढासा शब्द, पण मालकी कुणाची हा प्रश्न त्याने उलटा करून टाकला.

(डेव्हिस हा नियम काटेकोरपणे पाळत नाहीत, हे खरे. पुष्कळ पट्ट्यांत जॉन बोक्याचा विचार ऐकू आल्यासारखे उत्तर देतो. पण ते बोक्याच्या चेहऱ्याकडे पाहूनही देता येते. मांजर पाळणाऱ्या कुणालाही विचारा.)

आता लायमन या पात्राकडे या. ऑगस्ट १९७८ मध्ये जॉनचा हा मित्र त्याच्या घरी राहायला आला. ओडी मूळचा त्याचाच. जॉनला बोलायला कुणीतरी हवे, एवढेच त्याचे काम. काही वर्षांत तो मालिकेतून निघून गेला, कारण त्याची जागा बोक्याने भरून काढली होती. जरा थांबून विचार करा. घरात ज्याच्याशी बोलता येईल असा एकमेव माणूस गेला, कुत्रा मागे राहिला, आणि विनोद अधिक चांगला जमू लागला!

२००८ मध्ये डब्लिनच्या डॅन वॉल्शने आपल्या 'गारफील्ड मायनस गारफील्ड' या प्रयोगाने हेच उघडे केले. त्याने पट्ट्यांतून बोका आणि त्याचे विचार पुसले. जॉन तसाच ठेवला. रिकाम्या टेबलाशी बोलणारा, मधेच ओरडणारा, मग गप्प होणारा माणूस. वाचताना हसू येते आणि घशात अडकते. डेव्हिस यांनी रागावण्याऐवजी परवानगी दिली आणि त्याच वर्षी त्याचे पुस्तकही निघाले. त्यात मूळ पट्ट्या शेजारी छापल्या आहेत. त्या वाचल्यावर जाणवते की वॉल्शने काही नवे घातलेले नाही. जॉनचे वाक्य न् वाक्य मूळचेच आहे. शब्दांपुरते पाहिले तर जॉन आधीपासून त्याच शांततेत बसला होता. बोक्याच्या शेऱ्यांमुळे आपल्याला ती ऐकू येत नव्हती.

डेव्हिस यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये हॅलोवीनच्या सुमारास त्यांनी सहा पट्ट्यांची एक विचित्र कथा काढली. बोका जागा होतो तर घर थंड, ओसाड, वर्षानुवर्षे बंद पडलेले. जॉन नाही, ओडी नाही. ज्याची तो रोज खिल्ली उडवतो तो माणूस नसेल तर आपणही उरत नाही, हे त्याला कळते. नंतर सारे पूर्ववत होते. पण माझ्या मते एवढ्या वर्षांत मालिकेने स्वतःकडे असे क्वचितच पाहिले आहे.

आपल्याकडे हा विनोद असा का रुजला नसावा? हिंदी पट्ट्यात 'लोटपोट' किंवा जयपूरच्या 'राजस्थान पत्रिका' समूहाचे 'बालहंस' वाचून वाढलेल्या वाचकाला माणूस आणि त्याचा कुत्रा म्हटले की प्राण यांचे चाचा चौधरी आणि रॉकेट आठवतील. रॉकेट मालकाला टोमणे मारत नाही, चोर पकडून देतो. चाचांच्या घरात चाची आहे, साबू आहे, दारात शेजारी आहेत. टोमणे मारायला तिथे माणसेच पुरेशी असतात. जॉनकडे त्यासाठीही मांजर लागते.

२००६ मध्ये डेव्हिस यांनी पशुवैद्य लिझ आणि जॉन यांचे अखेर जुळवले. माणूस म्हणून मला जॉनसाठी बरे वाटले. वाचक म्हणून नाही. त्यानंतरच्या पट्ट्या गोड आहेत, पण टेबलावरची ती शांतता सैल झाली आहे.

एक काम करा. २००६ पूर्वीची एक आणि नंतरची एक पट्टी शोधा. दोन्हींत बोक्याच्या डोक्यावरचा ढग अंगठ्याने झाका, फक्त जॉनचे बोलणे मोठ्याने वाचा, आणि वर्गातल्या कुणालातरी विचारा : हा माणूस कुणाशी बोलतो आहे?