नगरसुखाचें गणित

सन २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्यानें देशांतील १११ शहरांची एक यादी प्रसिद्ध केली. कोणत्या शहरांत राहणें किती सुखाचें, हें आंकड्यांनीं ठरवून ती लाविली होती. तींत पुणें पहिलें, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. त्या दिवशीं पुण्यांत घरोघर जो आनंद झाला, तो आमच्याहि घरीं झाला, हें आरंभींच कबूल करणें बरें. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई त्याच दिवशीं उशिरां आल्या. शहराच्या कडेच्या त्यांच्या वस्तींत पाण्याचा टँकर दुपारपर्यंत आला नव्हता. घरांतल्यांनीं त्यांना ही वार्ता सांगितली तेव्हां त्या सहज म्हणाल्या, "वहिनी, पहिला नंबर आला तो कुठल्या पुण्याचा?" या प्रश्नाच्या अनुरोधानेंच प्रस्तुत निर्देशांकाचें परीक्षण करावें, असा आमचा मानस आहे.

प्रथम माप काय होतें तें पाहूं. २०१८ च्या आवृत्तींत ७८ बाबी मोजल्या होत्या. शंभरांपैकीं ४५ गुण पाणी, घरें, वीज, वाहतूक इत्यादि भौतिक सोयींना, २५ शासनव्यवस्थेला, २५ सामाजिक बाबींना आणि अवघे ५ आर्थिक बाबींना, अशी वांटणी होती. '२०२०' या सालाची म्हणून जी दुसरी आवृत्ति मार्च २०२१ मध्यें निघाली, तींत बाबी ४९ राहिल्या. जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २० आणि नागरिकांच्या अभिप्रायाला ३० गुण मिळाले. पहिल्या यादींत बंगळूर अठ्ठावन्नावें होतें. दुसरींत, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांच्या वर्गांत, तें पहिलें आलें व पुणें दुसरें गेलें. अडीच वर्षांत बंगळूरचे रस्ते, तळीं आणि नळ इतके पालटले, असें त्या शहराचा कट्टर अभिमानीहि म्हणणार नाहीं. मुख्यतः पालटलें होतें तें माप. मग २०१८ च्या यादींत आम्हां पुणेकरांना जो मान मिळाला, त्यांतील किती आमचा आणि किती मापाचा, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

या गणितांतील मूळ दोष बेरजेचा आहे. वैद्य रोग्याची नाडी पाहतो, ताप पाहतो, जीभ पाहतो. परंतु नाडीचे ठोके आणि तापाचे अंश यांची बेरीज करून तो रोग्याला गुण देत नाहीं. येथें मात्र नळाचें पाणी, शाळा, हवा आणि पतपुरवठा यांना एकाच तराजूंत घातलें आहे. बेरजेचा नियम असा कीं एका रकान्यांतील उणें दुसऱ्या रकान्यांतील अधिकानें भरून निघतें. संसारांत तसें होत नाहीं. ज्या घरांत पाणी नाहीं, त्या घराची तहान शहरांतील उद्योगांच्या भरभराटीनें भागत नाहीं. दुसऱ्या आवृत्तींतच पाहा: मोठ्या शहरांत 'जीवनमान' या विभागांत चेन्नई पहिलें, आर्थिक क्षमतेंत बंगळूर पहिलें, शाश्वततेंत पुणें पहिलें. तीन रकान्यांचे तीन विजेते! हे तीन निकाल निरनिराळे वाचले तर कांहीं बोध होतो. त्यांची बेरीज करून एकाच्या गळ्यांत माळ घालतांच तो बोध नाहींसा होतो.

अशा मापांची कुळकथाहि उद्बोधक आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनीं १९३९ मध्यें आपल्या देशांतील ३१० शहरांचा 'चांगुलपणा' मोजून ग्रंथ लिहिला. बालमृत्यूपासून वाचनालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांपर्यंत ३७ बाबी त्यांनीं हिशेबांत घेतल्या होत्या. त्यांचा हेतु नागरिकांना आपल्या गांवाची ओळख करून देण्याचा होता. पुढें जगांतील शहरांच्या ज्या याद्या लंडन व न्यूयॉर्क येथील व्यापारी संस्था काढूं लागल्या, ज्यांत व्हिएन्नासारखीं शहरें वारंवार अग्रस्थानीं येतात, त्यांचा एक उघड उपयोग वेगळा आहे. परदेशीं नेमलेल्या बड्या नोकराला गैरसोयीबद्दल किती जादा भत्ता द्यावा, हें कंपन्यांनीं त्यांवरून ठरवावयाचें असतें. हा उद्देश लबाडीचा नव्हे. परंतु ज्याला घर, मोटार व शाळेची फी कंपनी देते, त्याचें शहर आणि त्याच शहरांत जन्मून तेथेंच मरणाऱ्याचें शहर, हीं एक नव्हेत. माप कोणासाठीं केलें, यावर मापाचा निकाल अवलंबून असतो.

आमच्या सरकारी निर्देशांकानें हा दोष ओळखला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. दुसऱ्या आवृत्तीसाठीं ३२ लाखांहून अधिक नागरिकांचे अभिप्राय मिळविण्यांत आले. ज्याचें त्याला विचारावें, हा विचार स्तुत्यच होय. तथापि अभिप्रायांतहि एक खोंच आहे. मनुष्य सोसावयास शिकला कीं त्याची तक्रार कमी होते. आठवड्यांतून दोनदां पाणी येण्याची संवय झालेला मनुष्य तिसऱ्यांदा आलें तर समाधान दर्शवितो. चोवीस तास पाणी मिळणारा एक तास खंड पडतांच रागावतो. दोघांच्या उत्तरांची सरासरी काढली तर तिला काय म्हणावें?

सरासरीचा हा पडदा मुंबईच्या बाबतींत सर्वांत जाड आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें बृहन्मुंबईंतील शेंकडा चाळीसांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. तें शहर २०१८ मध्यें राहण्यास सोयीच्या शहरांत देशांत तिसरें ठरलें. आंकडे खोटे होते असें आमचें म्हणणें नाहीं. आंकडे खरे असूनहि असा निकाल लागूं शकतो, हेंच या पद्धतीचें वर्म आहे.

तर मग मोजूंच नये काय? असें म्हणणारे रसिक आम्हांस भेटतात. शहराचा आत्मा मोजतां येत नाहीं, असें ते सांगतात. आत्मा न मोजला तरी चालेल, पण नळ मोजलाच पाहिजे. मोजल्यावांचून गरिबाची गैरसोय कागदावर येत नाहीं, आणि कागदावर न आलेली गैरसोय कोणतीहि पालिका दूर करीत नाहीं. या निर्देशांकाच्या कर्त्यांनीं कोणत्या विभागाला किती गुण दिले हें उघड करून ठेविलें, म्हणूनच आमच्यासारख्यास त्यावर लिहितां येतें. हा त्यांचा प्रांजळपणा होय.

मोजण्याची दुसरी रीत पुण्याला अपरिचित नाहीं. प्रो. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेनें पुणें शहराची आर्थिक व सामाजिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्यें व दुसरा १९५२ मध्यें प्रसिद्ध झाला. १९५६ मध्यें त्याच शहराच्या फेरपाहणीचा ग्रंथ निघाला. या ग्रंथांत पुण्याला कोणताहि क्रमांक मिळालेला नाहीं. कोणते धंदे चालतात, कोणाला किती मिळतें, हें पाहून त्यांनीं कांहीं वर्षांनीं तेंच पुनः पाहिलें. शहराची तुलना दुसऱ्या शहराशीं न करतां त्याच्याच कालच्या स्थितीशीं केली. अशा ग्रंथावर मिरवणूक निघत नाहीं. पण नगरसेवकाला जाब विचारावयाचा असेल तर तोच हातीं घ्यावा लागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शहराचा गुणांक छापतांना त्याच्या शेजारीं त्या शहरांतील उत्तम प्रभागाचा व सर्वांत मागें पडलेल्या प्रभागाचा आंकडा छापावा, आणि त्या दोहोंमधील अंतर दरसाल किती कमी झालें तें सांगावें. क्रमांक लावावयाचाच असेल तर त्या अंतरावर लावावा. त्या यादींत पुणें कितवें येईल हें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु आमच्या घरीं येणाऱ्या बाईंना, तो क्रमांक कुठल्या पुण्याचा, हें विचारण्याची गरज राहणार नाहीं.