चपला काढायच्या, पण नेमक्या कुठे?

रिसर्चला लागल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला मिळणारी पहिली सूचना बहुतेक वेळा विषयाबद्दलची नसते. ती दारावर चिकटवलेली असते: ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ आपण खान्देशातली पोरं ती मुकाट पाळतो. खळ्यात धान्याची रास असली की चपला घालून पाय टाकायचा नाही, कानबाई बसवलेल्या खोलीत तर नाहीच नाही, आणि बाहेरून आलं की आजी ओट्यावरूनच ओरडणार, ‘पाय धोईसनी ये.’ त्यामुळे लॅबच्या दारात आपला पाय आपोआप अडतो. माझी तक्रार या आपोआपपणाबद्दल आहे. जी गोष्ट न विचारता पाळली जाते ती प्रयोगाचा भाग आहे की नुसती रीत, हे आपण तपासतच नाही. आणि मग थीसिसच्या ‘पद्धती’ या प्रकरणात ती ‘प्रोटोकॉल’ म्हणून लिहून मोकळे होतो.

हे माझ्या लक्षात आलं ते एका भलत्याच ठिकाणी, गोल्फ क्लबांच्या शिष्टाचाराबद्दल वाचताना. (आपल्याकडे गोल्फ म्हटलं की नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं, आणि तिथे लोक क्रिकेट खेळतात आणि सकाळी चालायला जातात.) जुन्या वळणाच्या क्लबांत अपेक्षा अशी, की पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसून बूट बदलायचे नाहीत, लॉकर रूममध्ये जाऊन बदलायचे. खेळून आल्यावर तळव्याचं गवत-माती बाहेरच ब्रशने किंवा हवेच्या नळीने उडवायची, मग आत यायचं. खिळ्यांचे बूट घालून जेवणाच्या हॉलमध्ये शिरायचं नाही.

वरवर पाहता हा एकच नियम वाटतो. पण त्यातल्या खिळ्यांच्या भागाला मोजता येईल असं कारण आहे: धातूच्या खिळ्यांनी हिरवळीला भोकं पडतात, गवताचे कोंब दुखावतात, चेंडूची वाट बिघडते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बोईसी शहरात हिवाळ्यातलं गवत वाचवण्यासाठी प्लास्टिकचे मऊ खिळे निघाले आणि त्याच दशकात कितीतरी क्लबांनी धातूच्या खिळ्यांवर बंदी घातली. कारण होतं, पर्याय आला, नियम बदलला. पार्किंगवाल्या भागाचं मात्र तसं काही नाही. डांबरावर बूट बदलल्याने कुठल्या गवताचं नुकसान होतं? तो भाग फक्त एवढंच सांगतो की आत कोणाचं लॉकर आहे आणि कोणाचं नाही. खेळाडूची बॅग उचलणाऱ्या कॅडीला त्या खोलीत बहुतेक ठिकाणी जागा नसते, आणि हिरवळीवर तो खेळाडूइतकाच चालतो.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. इंग्रजी अमदानीत जोडे काढण्यावरून मोठा वाद झाला होता. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने सवलत दिली: विलायती पद्धतीचे बूट आणि मोजे घातलेल्या ‘नेटिव्ह’ माणसाने सरकारी समारंभात ते काढले नाहीत तरी चालेल. देशी जोडा मात्र काढायचा. १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढण्यावरून सरकारशी भांडण मांडलं. सुरतेच्या रस्त्याचा चिखल विलायती बुटाला आणि देशी जोड्याला सारखाच लागत असणार. म्हणजे तो नियम चिखलासाठी नव्हता, हे नियमावरूनच कळतं. एखादा नियम कशासाठी आहे हे ओळखायचं असेल तर त्यातून कोणाला सूट मिळते ते बघा.

आता लॅबमध्ये या. मी सुरुवातीला केळीच्या टिश्यू कल्चरवर काम केलं. कुठल्या लॅबमध्ये ते सोडून द्या. तुमच्यापैकी अनेकांना आपलीच वाटेल. चपलांचा रॅक दाराच्या आत, भिंतीला लागून. बाहेरच्या चपला घालून रॅकपर्यंत दीड-दोन फूट चालायचं, त्या काढायच्या, आतल्या निळ्या स्लिपर घालायच्या आणि त्याच दीड-दोन फुटांवरून आत जायचं. म्हणजे चप्पल बदलली, फरशी तीच. त्याच निळ्या स्लिपर घालून आम्ही कॉरिडॉरमधून चहाला जायचो, टॉयलेटलाही. आणि पाहणीसाठी कोणी मोठे पाहुणे आले की ते बूट घालूनच थेट लॅमिनारपर्यंत. त्यांना ‘सर, बूट’ म्हणायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. सूट कोणाला होती ते आलं ना लक्षात?

त्या पावसाळ्यात आमच्या बाटल्यांत भरपूर कंटॅमिनेशन झालं. गाईडना दिलेल्या रिपोर्टमध्ये मी कारण लिहिलं, ‘पादत्राणांचा नियम नीट पाळला गेला नाही.’ आज ते वाक्य आठवलं तरी लाज वाटते. बाटल्या नीट पाहिल्या असत्या तर दिसलं असतं की बहुतेक ठिकाणी दुधाळ वलय कंदाच्या तुकड्याच्या बुडाशी होतं. असं वलय म्हणजे पहिला संशय तुकड्याच्या आतच असलेल्या जिवाणूंवर घ्यायचा. वरच्या निर्जंतुकीकरणाने ते मरत नाहीत. हवेतून किंवा हाताळताना पडलेली बुरशी साधारणपणे माध्यमावर कुठेही, तुकड्यापासून लांबसुद्धा, ठिपक्यासारखी उगवते. बाटलीच साक्ष देत होती आणि मी चपलेवर खटला भरला. कारण सोपं होतं: नियम मोडलेला सगळ्यांनी पाहिला होता. डोळ्यांसमोर असलेली चूक आणि परिणाम घडवणारी चूक यांची गल्लत अशी होते.

म्हणून पुढे या विषयावरचं वाचायला घेतलं. हे काम सगळ्यात जास्त झालंय ते हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरबद्दल. धुळ्याच्या किंवा जळगावच्या कुठल्याही हॉस्पिटलात गेलात तर थिएटरच्या दारात स्लिपरची रांग किंवा बुटांवर चढवायची कापडी-प्लास्टिकची पिशवी, म्हणजे ओव्हरशूज, दिसतील. १९९१ मध्ये ‘जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शन’मध्ये हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्याचा निष्कर्ष शीर्षकातच आहे: ओव्हरशूजमुळे थिएटरच्या फरशीवरच्या जिवाणूंची संख्या कमी होत नाही. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग टाळण्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत त्या कारणासाठी शू-कव्हर वापरू नका असं स्पष्ट म्हटलं.

हा पेपर कोणी हातात दिला की पहिली इच्छा होते ती विजयी चेहऱ्याने लॅबमध्ये जाऊन ‘बघा, चपला बदलणं अंधश्रद्धा आहे’ म्हणायची. माझीही झाली. पण शीर्षक पुन्हा वाचा. मोजलं काय, तर फरशीवरचे जिवाणू. रुग्णाची जखम फरशीवर नसते. ‘फरशीवर फरक पडला नाही’ यावरून ‘जखमेत फरक पडत नाही’ हे आपण मनाने जोडतो. त्याला वेगळा पुरावा लागतो. दुसरं, ओव्हरशूज म्हणजे बुटावरची पिशवी. बूट काढून फक्त आत वापरायची चप्पल घालणं ही वेगळी गोष्ट आहे. उलट ओव्हरशूज चढवताना हात बुटाला लागतो आणि तोच हात पुढे कामाला जातो, हा धोका वेगळाच. तिसरं, सीडीसीचं वाक्य ‘जखमेतला संसर्ग टाळण्यासाठी’ एवढ्यापुरतं आहे. रक्त उडणार असेल तिथे तेच कव्हर डॉक्टर-नर्सच्या पायाचं रक्षण करतं. वस्तू तीच, संरक्षणाची दिशा उलटी. माझ्या मते पेपर प्रामाणिक आहे, प्रश्न छोटा घेतलाय आणि त्याचं उत्तर नीट दिलंय. गोंधळ आहे तो त्याचं शीर्षकच तेवढं वाचून संदर्भ देणाऱ्यांचा. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हे तुमच्या हातूनही होईल, म्हणून एवढा वेळ घेतला.

मग चपलांचा नियम खरोखर कुठे लागतो? उत्तर आपल्या दाराशीच आहे: केळीच्या शेतात.

रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात टिश्यू कल्चरची ग्रँड नैन पसरली. ती कॅव्हेंडिश गटातली. या गटाचा मोठा शत्रू म्हणजे फ्युजेरियम बुरशीचा टीआर-४ हा प्रकार, पनामा मर रोगाचा. तो १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत सापडला, २०१५ मध्ये क्वीन्सलँडच्या टली भागात, २०१९ मध्ये कोलंबियात. भारतात बिहारमधून त्याची नोंद झाली आणि ती २०१९ मध्ये ‘प्लँट डिसीज’मध्ये छापून आली. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू, क्लॅमिडोस्पोअर, जमिनीत झाडाशिवाय वर्षानुवर्षं, अगदी काही दशकंही, टिकतात. फवारून बरा होणारा हा रोग नाही. आणि तो प्रवास करतो रोगट कंदातून, वाहत्या पाण्यातून आणि मातीतून: ट्रॅक्टरच्या चाकाला, अवजाराला, बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून. इथे मात्र बूट खरोखर आरोपी आहे. (सगळ्याच रोगांत नाही. आपल्याकडे केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस मावा किडीतून पसरतो. त्याच्यासाठी बूट बदलून काही होणार नाही. रोग कसा फिरतो हे माहीत असल्याशिवाय नियम करू नये तो यासाठी.)

शेताच्या फाटकाशी सोपा उपाय म्हणून काय करतात? पाटीत औषधाचं पाणी, त्यात पाय बुडवून पुढे. मला या पाटीवर फारसा विश्वास नाही. ब्लीचिंगचं क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय पदार्थांशी क्रिया करण्यातच खर्ची पडतं. दहा लोकांचे चिखलाचे पाय पडून गेल्यावर पाटीत उरतो तो क्लोरीनचा वास. बुटाच्या खाचेत ढेकूळ अडकलेलं असेल तर औषध ढेकळाच्या आत पोचत नाही. क्वाटर्नरी अमोनियमची औषधं जास्त भरवशाची मानतात, पण माती आधी खरवडून काढा आणि औषधाला लागेल तेवढा वेळ द्या, या अटी त्यांनाही आहेत. दोन सेकंदांत पाय बुचकळून निघणारा माणूस जे करतो ती फाटकाची पूजा झाली. गोल्फवाल्यांनी निदान ब्रश आधी ठेवला होता.

त्यापेक्षा बूट बदलणं साधं आणि खात्रीचं, कारण त्यात औषधाचा प्रश्नच नाही. ऑस्ट्रेलियात बाधित भागातल्या शेतांचे पट्टे पाडतात. बाहेरचे बूट एका रेषेपलीकडे येत नाहीत आणि आतले गमबूट बाहेर जात नाहीत. तुमच्यातलं कोणी फार्मा कंपनीत ट्रेनिंग केलं असेल तर तिथला क्रॉस-ओव्हर बेंच आठवा. बेंचवर बसायचं, बाहेरचा बूट अलीकडे काढायचा, पाय खाली न टेकवता पलीकडे वळवायचा आणि तिकडचा बूट घालायचा. बेंच हीच रेषा. आमच्या लॅबमधल्या रॅकमध्ये हीच एक गोष्ट नव्हती. त्याला नवीन यंत्र लागत नव्हतं, एक लाकडी बाक पुरला असता.

पण इथे मला या सगळ्या शिफारशींवर आक्षेप आहे. ‘शेतासाठी वेगळे बूट ठेवा’ हे वाक्य अशा माणसासाठी लिहिलंय ज्याच्याकडे दोन जोड आहेत आणि जो एकाच शेतात काम करतो. आपल्या पट्ट्यात केळी कापणारी टोळी सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या शिवारात असते. पायात स्लिपर, चिखल असला तर तीही हातात. अनवाणी पायाला माती लागत नाही का? शेतमालक, कृषी अधिकारी, माझ्यासारखा रिसर्च करणारा, आम्ही सगळे मिळून महिन्यातून जेवढ्या शेतांत जातो त्याहून जास्त शेतांत ही टोळी आठवड्यात जाते. पाहुण्यांसाठी फाटकावर बोर्ड लावायचा आणि टोळीचा विचारच करायचा नाही, ही कॅडी विसरलेल्या गोल्फ क्लबची गत झाली. लॅबमधली सूट वरच्यांना होती, इथे ती खालच्यांना आहे, कारण त्यांचा पाय कोणी मोजतच नाही. भोक मात्र दोन्हीकडे तेच.

यावल तालुक्यातल्या एका मित्राने यंदा प्रयत्न केलाय. फाटकाशी फळीचा बाक, बाजूला ब्रश आणि पाण्याची टाकी, टोळीसाठी सहा जोड गमबूट. पहिल्या दिवशी मीही गेलो होतो. सगळे जोड आठ नंबरचे आणलेले. टोळीतल्या दोघांच्या पायात ते चढेनात, आणि एकाने सांगितलं की घड खांद्यावर घेऊन वाफ्यात चालताना बूट चिखलात रुततो, चाल बिघडते. तो बाकावर बसला, पाय धुतले, नखांतली माती काढली आणि अनवाणीच आत गेला. धुतलेले पाय गमबुटाइतकेच चालतील का, हे मी शोधतोय. बुटाच्या तळव्यांवरचं काम बरंच सापडतं. अनवाणी पायावरचं अजून एकही हाती लागलेलं नाही.