पोर कुठं गेलं?

एडमोनिया लुईसच्या ज्या शिल्पाबद्दल मला लिहायचंय ते हरवलंय. १८६६ साली तिनं ते रोममध्ये घडवलं. त्याच वर्षी लंडनच्या ‘अथेनियम’ साप्ताहिकात त्याचं वर्णन छापून आलं, म्हणून निदान कळतं तरी. गुलामीतून सुटलेली बाई नि तिचं पोर. सुटकेची बातमी ऐकून बाई गुडघ्यांवर कोसळलीय. हात जोडलेले, डोळे वर. डोक्याला कामावरचं फडकं तसंच. मनगटात अर्धवट तुटलेल्या बेड्या, साखळी जमिनीवर, तिला लोखंडी गोळा अजून जडलेला. आणि पोर आईच्या कमरेला बिलगलंय. आईला काय झालं ते त्याला कळतच नाही.

हे न कळणं मला फार मोलाचं वाटतं. ग्रीक-रोमन नमुने गिरवणाऱ्या त्या काळच्या शिल्पांतली मायलेकरं पाहा. पोर गुटगुटीत, आई निवांत. जणू कुणाला कामावर जायचंच नाही. आपल्या जे. जे. स्कूलमध्येही पिढ्यान्‌पिढ्या याच ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतींवर पोरांनी हात बसवला. सौंदर्य म्हणजे हेच, असं ठरूनच गेलेलं! लुईसनं तोच साचा उचलला नि त्यात बेडी घातली.

ही बाई कोण? बाप काळा, आई ओजिब्वे आदिवासी वंशाची. बोस्टनमध्ये तिनं काळ्या पलटणीच्या कर्नल शॉचा अर्धपुतळा केला, त्याच्या प्लॅस्टरच्या प्रती विकल्या आणि त्या पैशावर रोम गाठलं. तिथली रीत ठरलेली. आधी माती, मग प्लॅस्टर, आणि गिऱ्हाईक मिळालं तरच संगमरवर. ज्याला गिऱ्हाईक नाही ते प्लॅस्टर कोपऱ्यात पडून फुटतं.

१८६७ साली तिनं ‘फॉरएव्हर फ्री’ केलं, तेही ऑर्डर हातात नसताना थेट संगमरवरात. हे आज वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आहे. यात पुरुष ताठ उभा, तुटलेली साखळी वर धरलेली, पाय गोळ्यावर. बाई त्याच्या बाजूला गुडघ्यांवर, खांद्यावर त्याचा हात. आणि पोर? पोर गायब. बाईचा चेहराही गोरा होऊन बसलाय. समीक्षक सांगतात, लोकांनी शिल्पात तिलाच शोधू नये म्हणून तिनं बायकांचे चेहरे असे केले. असेल. पण मग पुरुषाचे केस कुरळे कसे राहिले?

मित्रांनो, हे परक्यांचं भांडण नाही. १८७३ साली फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच. आता आपली पोस्टरं काढून बघा. मूठ कुणाची वर आहे? आंबेडकरी चळवळीतल्या बायांची नोंद व्हायला १९८९ साल उजाडलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहायला ऊर्मिला पवार नि मीनाक्षी मून यांनाच गावोगाव हिंडावं लागलं. आपण तोवर कवितेत ‘आई’ लिहीत बसलो होतो.

लुईस १९०७ साली लंडनमध्ये वारली. हॉवर्डमधल्या त्या बाईच्या डोक्याला फडकं नाही. केस लांब, पाठीवर मोकळे सोडलेले.