स्थळ, काळ आणि घर : तेरेझिनच्या दोन भेटी

अत्याचार जेथे घडला ते स्थळ पाहणाऱ्याशी बोलते, हे गृहीत स्मारकस्थळांविषयीच्या लेखनात क्वचितच तपासले जाते. विस्थापिताच्या बाबतीत तर त्यात आणखी एक अपेक्षा मिसळते : हिरावलेल्या घराचा काही अंश तेथे गवसेल, ही. रुथ क्ल्यूगर यांचे ‘वायटर लेबन’ (१९९२) हे आत्मकथन आणि डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांची ‘आउस्टर्लिट्झ’ (२००१) ही कादंबरी एकत्र वाचल्यास ही अपेक्षाच प्रश्नांकित होते. दोन्हींत बोहेमियातील तेरेझिनला दिलेली भेट आहे. १९४१ ते १९४५ या काळात नाझींनी या जुन्या तटबंदीच्या गावाचा घेट्टो केला. तेथे सुमारे ३३,००० ज्यू मृत्यू पावले आणि सुमारे ८८,००० जणांना पूर्वेकडील छावण्यांत व मृत्युस्थळी धाडण्यात आले.

१९३१ साली व्हिएन्नात जन्मलेल्या क्ल्यूगर यांना १९४२मध्ये तेरेझिनला आणि १९४४मध्ये आउशविट्सला नेण्यात आले. स्मारक म्हणून जतन केलेल्या छावण्यांविषयी त्यांची भूमिका कठोर आहे. स्वच्छ, नीटनेटक्या आवारात फिरणारा अभ्यागत बहुधा स्वतःच्याच हेलावण्याचा साक्षी होतो, असे त्या सुचवतात. भूप्रदेशवाचक जर्मन शब्दाच्या धर्तीवर त्यांनी ‘त्साइटशाफ्ट’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला ‘कालप्रदेश’ म्हणता येईल. छावणी म्हणजे विशिष्ट काळातील विशिष्ट स्थळ; तो काळ सरला की उरते ती केवळ जागा. म्हणूनच नंतर पाहिलेले तेरेझिन त्यांना दिलासा देते : ते संग्रहालय झालेले नाही, तेथे माणसे राहतात. ज्या गावाने त्यांना कैद केले ते आता इतरांचे घर आहे, आणि त्यावर त्या हक्क सांगत नाहीत.

सेबाल्ड यांच्या नायकाला नेमके उलटे तेरेझिन दिसते. १९३९मध्ये प्राग येथून ब्रिटनला पाठवला गेलेला आणि वेल्समध्ये परक्या नावाने वाढलेला आउस्टर्लिट्झ आईच्या शोधात तेथे पोहोचतो, तेव्हा त्याला निर्मनुष्य रस्ते, बंद दारे आणि जुन्या वस्तूंच्या दुकानाची काच भेटते. पृष्ठांवरील छायाचित्रेही ही दारे उघडत नाहीत. त्याच्यापाशी तेथील स्मृती नाही. म्हणून तो स्थळाकडेच स्मृती मागतो, आणि स्थळ ती देत नाही.

हा भेद केवळ आत्मकथन आणि कल्पित यांचा नव्हे. क्ल्यूगर यांना काळ ठाऊक आहे, म्हणून त्या स्थळ सोडू शकतात. आउस्टर्लिट्झपासून काळच हिरावला गेला आहे, म्हणून तो स्थळाला चिकटतो. क्ल्यूगर यांच्या विवेचनातील अभ्यागत भेट संपवून घरी परततो. आउस्टर्लिट्झला परतण्याजोगे घर नाही. त्यामुळे क्ल्यूगर यांचा आक्षेप त्याला जसाच्या तसा लागू करणे अन्यायाचे ठरेल.

तरीही तो आक्षेप निष्प्रभ होत नाही. कादंबरीचा निवेदक इंग्लंडमध्ये राहणारा जर्मन आहे. त्याचे देशांतर सक्तीचे नाही. आउस्टर्लिट्झची हकिगत तो ऐकतो आणि ‘असे आउस्टर्लिट्झ म्हणाला’ या अर्थाचे शब्द वारंवार योजून ती दुसऱ्याची असल्याचे नोंदवत राहतो. परक्याच्या बेघरपणात स्वतःचा विषाद मिसळून टाकण्याचा मोह या शैलीने रोखला जातो. मात्र सेबाल्ड यांच्या अनुकरणातून लिहिल्या जाणाऱ्या स्थळभेटींत हे अंतर हरवले, तर विस्थापन ही एक सर्वसामान्य मनःस्थिती बनते, आणि कोणाला कोणी हाकलले हा प्रश्न मागे पडतो.

क्ल्यूगर यांच्या प्रकरणांना व्हिएन्ना, न्यू यॉर्क अशी स्थळनामे आहेत, हे येथे अर्थपूर्ण आहे. त्या स्थळ नाकारत नाहीत; काळाची नोंद नसलेले स्थळ नाकारतात. अशा लेखनाच्या समीक्षेलाही हाच निकष लावता येईल : भेट देणारा कोठे उभा आहे याबरोबरच तो तेथून कोठे परतणार आहे, हे संहिता सांगते काय?