प्रेक्षक, प्राश्निक आणि ग्राहक : 'नो मॅन्स स्काय' या व्हिडिओ गेमवरील खेळाडूंच्या अभिप्रायांचा विचार

प्रास्ताविक

मराठी समीक्षाव्यवहारात 'अभिप्राय' या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. समीक्षा ही शास्त्राधिष्ठित, आस्वाद हा रसिकाधिष्ठित आणि अभिप्राय हा केवळ प्रसंगोपात्त, अशी एक उतरंड आपण अध्यापनात गृहीत धरतो. त्यातही अभिप्राय देणारा वाचक किंवा प्रेक्षक नसून ग्राहक असेल आणि ज्याविषयी तो बोलत आहे ती वस्तू मोबाइल, संगणक किंवा व्हिडिओ गेम असेल, तर त्या अभिप्रायाकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याचे कारणच उरत नाही, असा समज आहे. प्रस्तुत लेखिकेचाही तो होता. पदवीच्या तृतीय वर्षातील एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी एका गेमवरील खेळाडूंचे अभिप्राय हीच मूळ सामग्री म्हणून घेतली, तेव्हा मी त्याच्या मुखपृष्ठावर 'ही समीक्षा नव्हे' असा शेरा मारून गुण कमी केले. तो शेरा घाईचा होता, असे आता वाटते. त्याची तपासणी करावी या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

विद्यार्थ्याने निवडलेला गेम 'नो मॅन्स स्काय' हा होता. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील 'हेलो गेम्स' या छोट्या संस्थेने तो तयार केला. डिसेंबर २०१३ मध्ये त्याची घोषणा झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो आधी प्लेस्टेशन ४ वर व नंतर संगणकावर प्रसिद्ध झाला. घोषणा आणि प्रकाशन यांमधील अडीच वर्षांत या गेमविषयी जी अपेक्षा निर्माण झाली तिचे मूळ एका संख्येत होते. या गेममध्ये १८ क्विंटिलियनहून अधिक, म्हणजे दोनचा चौसष्टावा घात इतके ग्रह असल्याचे सांगण्यात आले. आपल्या पारंपरिक मोजणीत परार्धानंतर बहुधा कोणी पुढे जात नाही, आणि ही संख्या सुमारे १८४ परार्ध भरते. प्रत्येक ग्रहावर एकच सेकंद थांबायचे ठरवले तरी सर्व ग्रह पाहण्यास सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. हे ग्रह अर्थातच कोणी हाताने रेखाटलेले नव्हते. एका बीजांकापासून गणिती सूत्राने डोंगर, समुद्र, वनस्पती, प्राणी असे सर्व काही उत्पन्न करावयाचे आणि खेळाडू तेथे पोहोचेल तेव्हाच ते दृश्य करावयाचे, अशी ती रचना होती.

संख्येच्या या मोहाशी माझ्या पिढीचा परिचय जुना आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत जे स्वस्त टीव्ही गेम आले, त्यांच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे. यादी उघडली की पहिले पाच-दहा गेम खरे निघत आणि पुढे तेच गेम नाव किंवा रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. आमच्या घरी रिमोट थोरल्या भावाच्या हाती असे, मी शेजारी बसून पाहत असे. तरीही 'हा मघाचाच आहे' हे बहुधा माझ्याच आधी लक्षात येई. तेव्हा कोणाकडे तक्रार करावी, हे आम्हाला सुचलेही नाही. 'नो मॅन्स स्काय'च्या पहिल्या खेळाडूंची तक्रार याहून फार निराळी नव्हती. ग्रह अगणित होते, पण पंधरा-वीस ग्रहांनंतर तेच ते वाटू लागत. संख्या खोटी नव्हती, संख्येतून जे सूचित झाले होते ते मात्र हाती आले नाही. शब्दाचा वाच्यार्थ पाळला गेला आणि व्यंग्यार्थ मोडला गेला, अशा भाषेत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ही तक्रार सांगता येईल.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्टीफन कोल्बेअर यांच्या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात संस्थेचे प्रमुख शॉन मरे यांना खेळाडू एकमेकांना भेटू शकतील का, असे विचारण्यात आले. त्यांनी होकार दिला, मात्र विश्व इतके विशाल आहे की अशी भेट अत्यंत दुर्मीळ असेल, अशी पुस्ती जोडली. गेम प्रसिद्ध होताच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावरील एकाच ठिकाणी पोहोचले आणि त्यांना एकमेक दिसले नाहीत. कोणत्याही व्यावसायिक परीक्षणापेक्षा या साध्या प्रयोगाने गेमविषयी अधिक काही सिद्ध केले. त्यानंतर 'स्टीम' या विक्रीमंचावरील अभिप्राय झपाट्याने प्रतिकूल होत गेले. संस्थेने या काळात जवळजवळ मौनच पाळले, त्यामुळे राग वाढला.

सिद्धी आणि घात

या अभिप्रायांना समीक्षेत कोणते स्थान द्यावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाचकप्रतिसादाच्या पाश्चात्त्य सिद्धांतांकडे वळण्याची आपली सवय आहे. परंतु भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा, 'सिद्धिव्यंजक' हा अध्याय या कामी अधिक उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. आपण या ग्रंथातील रसाध्याय वारंवार शिकवतो, हा अध्याय क्वचितच उघडतो.

या अध्यायात नाट्यप्रयोगाचे यश कशावरून ओळखावे याची चर्चा आहे, आणि ती थेट प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांपासून सुरू होते. स्मित, मोठे हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार, अंगावरील रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्रे देणे, या सर्वांची तेथे नोंद आहे. म्हणजे तात्काळ, असंस्कारित प्रतिसादाला भरताने तुच्छ मानलेले नाही, मानुषी सिद्धीचा तो पुरावाच मानला आहे. पुढे तो 'प्राश्निक' म्हणजे परीक्षक कोण असावेत हे सांगतो. त्या यादीत यज्ञ जाणणारा, व्याकरणकार आणि छंदाचा जाणकार आहेत, तसेच धनुर्धर, चित्रकार, गायक, वेश्या आणि राजसेवकही आहेत. रंगमंचावर धनुष्य ओढण्याची ढब बरोबर आहे की नाही हे धनुर्धराने सांगावे, शृंगाराविषयी वेश्येने सांगावे, हे त्यामागील तत्त्व आहे. येथे अधिकार व्यवहारातून येतो, पदवीतून नव्हे. सर्व गुण एकाच प्रेक्षकाच्या ठायी असणार नाहीत, हेही भरताने मान्य केले आहे.

स्टीमवरील अभिप्राय या दृष्टीने वाचले की त्यांचे स्वरूप बदलते. तेथे 'शिफारस करतो' अथवा 'करीत नाही' एवढाच निवाडा देता येतो, मात्र प्रत्येक अभिप्रायाशेजारी तो लिहिणाऱ्याने तो गेम किती तास खेळला आहे हे छापलेले असते. आपल्या ग्रंथपरीक्षणांशेजारी परीक्षकाने पुस्तकाची किती पाने वाचली हे छापण्याची पद्धत असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. शेकडो तास खेळूनही 'शिफारस करीत नाही' असे लिहिणारे तेथे आढळतात. वरवर हे हास्यास्पद आहे. पण वीस वर्षे एखाद्या खानावळीत जेवणारा माणूस तिची आमटी बिघडली असे म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या वीस वर्षांना हसत नाही. जहाजाचे सुकाणू कसे आहे, सामानाच्या पिशवीतील जागा का पुरत नाही, दहाव्या तासानंतर कंटाळा नेमका कशाने येतो, हे सांगणारा खेळाडू त्या त्या अंगाचा प्राश्निक होय.

याच अध्यायात प्रयोगाला होणाऱ्या घातांचेही वर्गीकरण आहे. वारा, आग, पाऊस, सर्प यांमुळे होणारा तो दैवी, नटांच्या स्वतःच्या चुकांमुळे होणारा तो आत्मसमुत्थ आणि मत्सर, द्वेष, पक्षपात किंवा पैसा यांमुळे इतरांनी घडवून आणलेला तो परसमुत्थ. (२४ डिसेंबर २०१३ रोजी हेलो गेम्सच्या कार्यालयात पुराचे पाणी शिरून त्यांची सामग्री नष्ट झाली होती. भरताच्या यादीतील दैवी घातही या कथेत आहे.) गेम प्रकाशनाच्या वेळी अपुरा असणे हा आत्मसमुत्थ घात. परसमुत्थ घाताचे उदाहरण मात्र अन्यत्र शोधावे लागते. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' प्रसिद्ध झाला तेव्हा 'मेटाक्रिटिक'वर काही तासांतच हजारो शून्य गुण नोंदवले गेले. तो गेम पूर्ण करण्यास वीसहून अधिक तास लागतात. म्हणजे न पाहिलेल्या प्रयोगावर शेण फेकण्याचाच हा प्रकार होता, आणि रंगभूमीवर शेण फेकण्याचा उल्लेखही भरताने केला आहे. पुढे त्या संकेतस्थळाने प्रकाशनानंतर ३६ तास सामान्यांचे अभिप्राय न स्वीकारण्याचा नियम केला.

'नो मॅन्स स्काय'च्या बाबतीत राग खरा होता, हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. मे २०१६ मध्ये प्रकाशन जूनऐवजी ऑगस्टवर ढकलले गेले, तेव्हाच मरे यांना आणि ती बातमी देणाऱ्या पत्रकाराला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तेव्हा गेम कोणी पाहिलाही नव्हता. हा अभिप्राय नव्हे, आणि त्याला भावनेचा अतिरेक म्हणून सौम्य करण्याचेही कारण नाही.

प्रयोगाची तारीख

ग्राहकांच्या तक्रारींवरून ब्रिटनमधील जाहिरात मानक प्राधिकरणाने या गेमच्या स्टीमवरील जाहिरातीची चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ती दिशाभूल करणारी नसल्याचा निर्णय दिला. मग खेळाडू चुकले होते काय? तसे वाटत नाही. प्राधिकरणासमोर प्रश्न विक्रीपृष्ठावरील चित्रे व मजकूर यांचा होता. खेळाडूंनी मुलाखती, प्रात्यक्षिके आणि अडीच वर्षांचा गाजावाजा हे सर्व मिळून एकच वचन मानले होते. साठ डॉलर मोजताना माणूस केवळ पृष्ठावरील मजकूर विकत घेत नाही. येथे कायद्याच्या परीक्षकापेक्षा सामान्य परीक्षकाची संहिता अधिक व्यापक होती, आणि साहित्याच्या अभ्यासकाने या व्यापक संहितेच्या बाजूने उभे राहावयास हवे.

त्यानंतर घडले ते विलक्षण आहे. त्याच महिन्यात संस्थेने पहिली मोठी सुधारणा दिली आणि पुढे वर्षानुवर्षे एकामागून एक देत राहिली. या सुधारणांसाठी खेळाडूंकडून वेगळे पैसे घेतले नाहीत. जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट' या सुधारणेनंतर खेळाडू एकमेकांना खरोखर भेटू लागले. २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सातत्याने चालू असलेल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. स्टीमवरील एकूण अभिप्राय २०२१ मध्ये 'बहुतांशी अनुकूल' या श्रेणीत आणि २०२४ च्या अखेरीस 'अतिशय अनुकूल' या श्रेणीत पोहोचले.

ही कथा सहसा प्रायश्चित्ताची कथा म्हणून सांगितली जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. श्रेणी बदलली याचा अर्थ २०१६ चा खेळाडू चुकीचा ठरला, असा होत नाही. त्याने ज्याविषयी लिहिले तो गेम आज सहजासहजी कोणाला खेळता येणार नाही, त्याच नावाखाली दुसराच गेम उभा आहे. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी जुन्या नियतकालिकांतील नाट्यपरीक्षणे वाचताना हा प्रश्न माझ्यासमोर आला होता. मराठी रंगभूमीवर आपण 'नाटकाचा प्रयोग' म्हणतो, आणि हा शब्द फार नेमका आहे. शुभारंभाच्या प्रयोगाचे परीक्षण शंभराव्या प्रयोगाला लागू पडत नाही. मधल्या काळात नट बदलतो, एखादा प्रवेश गळतो, लय सापडते. परीक्षणाखाली प्रयोगाची तारीख आणि नाट्यगृह दिलेले असेल तर ते आजही साक्ष म्हणून वाचता येते. नसेल तर ते कशाविषयी आहे हेच कळत नाही. संगणकीय वस्तू ही छापील पुस्तकापेक्षा अशा प्रयोगाच्या जवळची आहे. ती विकल्यानंतरही बदलत राहते, कधी सुधारते आणि कधी बंदही केली जाते. 'द क्रू' हा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्यात आला, तेव्हा ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांच्याजवळ त्याविषयीच्या आठवणी आणि अभिप्राय एवढेच उरले.

म्हणून एकत्रित टक्केवारी ही या व्यवहारातील सर्वांत निरुपयोगी गोष्ट वाटते. ती २०१६ चा संताप आणि २०२४ चे समाधान यांची बेरीज करून एक असा सरासरी खेळाडू निर्माण करते, जो कधी अस्तित्वातच नव्हता. 'स्टीम'लाही याची जाणीव झाली असावी. अलीकडील अभिप्राय वेगळे दाखवण्याची सोय तेथे मे २०१६ पासून आहे. पण वाचणाऱ्याची नजर रंगीत अक्षरांतील श्रेणीवरच जाते.

या सामग्रीच्या मर्यादाही आहेत. बहुसंख्य अभिप्राय एका ओळीचे, विनोदी अथवा पुनरुक्तीचे असतात आणि ते वाचणे हे कष्टाचे काम आहे. मराठीत असे अभिप्राय विरळाच आढळतात. आपली मुले खेळतात, चर्चाही करतात, पण लिहिताना इंग्रजीत लिहितात. 'ग्राफिक्स', 'लॅग', 'अपडेट' हे शब्द तर आपलेच झाले आहेत. 'हा मघाचाच आहे' या साध्या मराठी वाक्यात जी परीक्षा आहे ती लिहून ठेवण्याची जागा मात्र आपण निर्माण केलेली नाही, किंवा कोणी केली तर त्यावर शेरा मारला आहे.

विद्यार्थ्याच्या प्रकल्पात प्रत्येक अभिप्रायापुढे दिनांक आणि खेळलेले तास यांचे दोन रकाने होते. पहिल्या वाचनात ते मला अनावश्यक वाटले होते. गुणपत्रक त्या वर्षीच पुढे गेले असल्याने गुणांत आता बदल होणार नाही. प्रकल्पाची प्रत विभागात आहे. माझ्या शेऱ्याखाली दिनांक नव्हता, तो आता घातला आहे, आणि त्यापुढे प्रकल्प वाचण्यास मला किती वेळ लागला होता तेही लिहिले आहे : पंचवीस मिनिटे.