आईने ठेवलेले नाव

रॅन्डल मन्रो या अमेरिकी चित्रकाराची ‘एक्सकेसीडी’ ही चित्रमालिका 2005 पासून इंटरनेटवर चालू आहे. काडीसारखे हातपाय, चेहऱ्याच्या जागी नुसते वर्तुळ, आणि गणित, विज्ञान, संगणक यांच्या गल्लीबोळांतले विनोद. ऑक्टोबर 2007 मध्ये या मालिकेत ‘एक्सप्लॉइट्स ऑफ अ मॉम’ हे चार चौकटींचे चित्र आले. फॉर्ममध्ये लोक जे भरतात ते तपासून कसे घ्यावे, हे नवशिक्या प्रोग्रामरला समजावताना आजही हमखास ते दाखवले जाते. त्यातला धडा इतका प्रसिद्ध झाला, की त्यामागच्या कारागिरीकडे कोणी फारसे पाहत नाही.

प्रसंग साधा आहे. शाळेतून आईला फोन येतो : आमच्याकडे कॉम्प्युटरची जरा अडचण झाली आहे. मुलाने काही मोडले का, असे आई काळजीने विचारते. एका अर्थी हो, असे पलीकडून उत्तर येते. मग शाळा मुलाचे पूर्ण नाव उच्चारते आणि हे नाव तुम्ही खरोखरच ठेवले आहे का, असे विचारते. आई सहज हो म्हणते. घरात आम्ही त्याला बॉबी टेबल्स म्हणतो, हेही सांगते. यंदाच्या साऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी गेल्या, आता झाले ना समाधान, असे शाळा कडवटपणे ऐकवते. त्यावर आईचे उत्तर असे, की डेटाबेसमध्ये जाणारी माहिती साफ करून घ्यायला तुम्ही आता तरी शिकला असाल.

चारही चौकटींत दिसते ती फक्त आई. हातात फोन, सोबतीला कप. शाळा म्हणजे फोनमधून येणारा आवाज. ज्याच्यामुळे हे सारे घडले तो बॉबी चित्रात नाहीच. तो फक्त नावापुरता आहे, आणि गोष्टही नावाचीच आहे. मन्रो ना उद्ध्वस्त कार्यालय दाखवत, ना रिकामा पडदा. अनर्थ फोन येण्याआधीच घडून गेलेला आहे. आपल्यासमोर आहे तो त्याचा पंचनामा, आणि त्यात आरोपीच शांतपणे न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसते.

आता ते नाव. शाळेच्या संगणकात नवा विद्यार्थी नोंदवण्याचे एक तयार वाक्य असणार : ‘स्टुडंट्स’ या तक्त्यात पुढील नाव घाल, मग कंस, एकेरी अवतरणचिन्ह, नावासाठी मोकळी जागा, पुन्हा अवतरणचिन्ह, कंस बंद. फॉर्ममध्ये टाइप झालेले नाव त्या मोकळ्या जागेत चिकटवायचे आणि सबंध वाक्य डेटाबेसकडे धाडायचे. बॉबीच्या नावात ‘रॉबर्ट’च्या पाठोपाठ एकेरी अवतरणचिन्ह येते, आणि यंत्राला वाटते की नाव संपले. मग बंद होणारा कंस येतो आणि यादी संपते. अर्धविराम येतो आणि आज्ञाच संपते. पुढे नवी आज्ञा : ‘ड्रॉप टेबल स्टुडंट्स’, म्हणजे विद्यार्थ्यांचा तक्ता काढून टाक. शेवटी दोन आडव्या रेघा. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत त्यांच्यापुढचा मजकूर निव्वळ टिपण मानला जातो आणि यंत्र तो वाचत नाही. शाळेच्या मूळ वाक्याचे जे शेपूट उरले होते, ते एक अवतरणचिन्ह आणि एक कंस, या रेघांमागे निमूट बसते. त्या रेघा नसत्या तर व्याकरणाची चूक निघून बेत बहुधा फसला असता. या नावातले एकही चिन्ह शोभेचे नाही. आपले शब्द कोणत्या वाक्यात जाऊन पडणार, हे ओळखून ते रचलेले आहे.

विनोदात न सांगितलेल्या गोष्टीही या नावातून कळतात. नाव हा यादीतला शेवटचा रकाना असला पाहिजे, नाहीतर पहिले वाक्य अपुरे राहील. तक्त्याचे नाव आईने बरोबर ताडले आहे. फॉर्म चालवणाऱ्या खात्याला सबंध तक्ता उडवण्याची मुभा होती, जिची नोंदणीच्या कामाला काहीच गरज नव्हती. आणि वर्षाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच, म्हणजे बॅकअपही नव्हता. एका ओळीच्या तक्रारीत शाळेने स्वतःच्या तीन-चार चुकांची कबुली देऊन टाकली आहे. शिवाय हे मूल शाळेत येण्याआधी कुठे तरी जन्मले असणार. त्याची नोंद झाली असेल, लसी टोचल्या असतील, आणि तिथली यंत्रे शाबूत राहिली असतील. नाव तेच, कोसळली ती शाळा.

मन्रोच्या चित्रांवर माउसचा बाण नेला की एक जादा ओळ दिसते. इथे ती ओळ बॉबीच्या बहिणीबद्दल आहे. तिचे नाव म्हणजे एक आर्जव आहे : वाचवा, मी ड्रायव्हिंग लायसन्सच्या कारखान्यात अडकले आहे. वरवर हा पुरवणीचा विनोद वाटतो, पण तो पहिल्या विनोदाला पूर्ण करतो. मुलाच्या नावाने यंत्र फसते, मुलीच्या नावाने माणूस. लायसन्सवर ते छापलेले पाहून वाचणाऱ्याला वाटेल की आतून कोणी कामगार हाका मारतो आहे. जे केवळ नोंदवून घ्यायचे होते, ते दोन्हीकडे कोणाचे तरी बोलणे समजले जाते.

ही चूक काल्पनिक नाही. डेटाबेसची ही फट 1998 मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात उघडपणे मांडली गेली होती. ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या दीड लाखाहून अधिक ग्राहकांची माहिती 2015 मध्ये चोरीला गेली, ती याच वाटेने. पुढच्या वर्षी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड झाला. रोग माहीत, औषध माहीत, चित्र येऊनही आठ वर्षे झालेली.

मग आईचे शेवटचे वाक्य पुरे आहे का? माझ्या मते विनोद म्हणून ते अचूक आहे, सल्ला म्हणून निसरडे. ‘साफ करून घ्या’ हे शब्दशः पाळणारा प्रोग्रामर काय करतो? धोक्याची चिन्हे हुडकतो आणि फॉर्ममध्ये ती चालणार नाहीत असे ठरवतो. त्यात पहिला बळी जातो एकेरी अवतरणचिन्हाचा. आणि मग आयर्लंडचे ओ’ब्रायन, गोव्यातले आणि वसईतले डि’सोझा, डि’मेलो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आडनाव इंग्रजीत लिहू जातात तेव्हा फॉर्म लाल अक्षरांत सांगतो : नाव अवैध. देवनागरीची गत आणखी मजेदार. युनिकोडमध्ये क, ल, र ही अक्षरे आहेत. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त यांचा वर्ग मात्र वेगळा, चिन्हांचा. ‘नावात फक्त अक्षरे चालतील’ असा नियम कोणी प्रामाणिकपणे लिहिला, तर त्यात ‘कमल’ बसते आणि ‘कुलकर्णी’ अडकते.

खरे औषध वेगळे आहे. वाक्य मोकळ्या जागेसकट आधी डेटाबेसकडे जाते, त्याचे व्याकरण तिथेच पक्के होते, आणि नाव मागाहून स्वतंत्रपणे पाठवले जाते. याला ‘पॅरामीटराइज्ड क्वेरी’ म्हणतात. मग नावात अवतरणचिन्ह असो, अर्धविराम असो, अख्खी आज्ञा असो, ते नाव म्हणूनच रकान्यात बसते. तपासणीची गरज तरीही उरतेच : जन्मतारीख भविष्यातली नसावी, पिनकोडला सहा अंक असावेत. ही तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी, कारण ब्राउझरमधली तपासणी भरणारा सहज टाळू शकतो. पण तारखेला आणि पिनकोडला ठरलेला साचा असतो. माणसाच्या नावाला तो नसतो.

मन्रोच्या चित्राचे मोठेपण मला इथे दिसते. आईच्या बोलण्याहून चित्र जास्त शहाणे आहे. आईबद्दल त्यात आंधळी भक्तीही नाही. तिने शाळेला धडा दिला खरा, पण त्याची किंमत मोजली बाकीच्या मुलांनी, ज्यांच्या नोंदींचा या वादाशी काही संबंध नव्हता. तिच्या थंडपणावर आपण हसतो, कारण ती मुलेही चौकटीत नाहीत. आणि शाळेची चूक विचित्र नाव स्वीकारण्यात नव्हतीच, त्या नावाचे ऐकण्यात होती. बॉबीला त्याच्या अवतरणचिन्हासकट, अर्धविरामासकट, शेवटच्या दोन रेघांसकट पटावर घेता आले पाहिजे, आणि तरीही वर्गातल्या कोणाचेच नाव पुसले जाता कामा नये. फॉर्म नीट लिहिला आहे की नाही, याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.